उत्तर दरवाजाची ड्यूटी

डेपोतल्या दोनशे दहा ड्रायव्हर-कंडक्टरांपैकी एकानेही ड्यूटीमास्तरांना अठ्ठावीस वर्षांत 'मास्तर, बरं झालं' असं म्हटलेलं नव्हतं. म्हणणार तरी कशाला? उद्या कोणती गाडी, किती वाजता, कोणत्या रस्त्याला आणि कोणी न्यायची, हे मास्तर रोज दुपारी तीनपर्यंत एका आडव्या कागदावर लिहून काचेच्या फलकात लावत. पहाटेची ड्यूटी ज्याच्या वाट्याला येई त्याला वाटे, मास्तरांना आपली झोप बघवत नाही. दुपारची येई त्याला वाटे, आपल्याला मुद्दाम उन्हात पाठवलं. मंगळवारी सुट्टी मिळालेला खिडकीशी येऊन विचारी, की मंगळवारची सुट्टी घेऊन माणसाने करायचं काय. संध्याकाळपर्यंत फलकाच्या काचेवर, मास्तरांच्या सहीच्या बरोबर वर, कोणीतरी पेनाने गाढव काढून ठेवी. कानांच्या वळणावरून मास्तर आता चित्रकार ओळखायला लागले होते.

मास्तर नियमाचे पक्के. रजेचा अर्ज दोन दिवस आधी म्हणजे दोन दिवस आधी. एकदा एक ड्रायव्हर सख्ख्या भावाच्या लग्नासाठी आदल्या दिवशी अर्ज घेऊन आला. लग्न काही आज सकाळी ठरलं नसणार, असं म्हणून मास्तरांनी तो अर्ज जाळीखालून परत सरकवला. मुद्दा बिनतोड होता. मास्तरांचे सगळेच मुद्दे बिनतोड असत, आणि म्हणूनच जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या बाकावर ऐसपैस जागा असे.

अशा माणसाला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मोबाइलवरच्या लढाईचं वेड लागलं, याला त्यांची मुलगी जबाबदार. ती शिकायला दुसऱ्या गावी निघाली तेव्हा तिने बापाच्या फोनवर एक खेळ टाकून दिला आणि सांगितलं, की बाबा, आपण रोज इथे भेटू. तीन आठवडे बापलेक तिथे नेमाने भेटले. मग तिला तिथे मैत्रिणी मिळाल्या, अभ्यास वाढला आणि ती खेळातून निघून गेली. मास्तर मात्र राहिले. कोणाला तरी पोचवायला गेलेला माणूस स्वतःच गाडीत बसून पुढे जावा, तसं त्यांचं झालं.

खेळ म्हणाल तर सोपा. एक किल्ला, त्याला चार दरवाजे, आणि किल्ला राखायला कुठल्या कुठल्या गावांतली बत्तीस माणसं. रोज संध्याकाळी सहा ते सात बाहेरच्या टोळ्या चालून येतात. आपण आपल्या दरवाजावर उभं राहायचं, अंगठ्याने बाण सोडायचे आणि कानात घातलेल्या यंत्रातून एकमेकांशी बोलायचं. पोराटोरांचा खेळ वाटेल, पण मास्तरांची मुलगी गेल्यावर त्या बत्तिसांत तिशीच्या आतलं कोणी उरलं नव्हतं. दाताची एक डॉक्टरीण होती, सहा वाजले की ती दोन पेशंटांच्या मधला वेळ चोरायची. एक सरकारी ऑडिटर होता. एक मुख्याध्यापिका होत्या, त्या शाळेत मोबाइल आणणाऱ्या मुलांचे मोबाइल जप्त करून कपाटात ठेवत आणि मग स्वतःचा काढून पश्चिम दरवाजावर हजर होत. खरं नाव कोणी कोणाला सांगायचं नाही, गाव विचारायचं नाही, असा तिथला शिरस्ता होता.

मास्तर आले तेव्हा त्या किल्ल्यात नुसती बजबजपुरी होती. वाटेल त्याने वाटेल तेव्हा यावं, एका दरवाजावर अकरा जणांनी गर्दी करावी, दुसऱ्यावर चिटपाखरू नसावं, आणि किल्ला रोज सव्वासहाला पडावा. पंधरा दिवस मास्तरांनी हे पोटात घातलं. सोळाव्या दिवशी त्यांच्यातला ड्यूटीमास्तर उफाळून आला. त्यांनी डेपोतलाच एक आडवा कागद घेतला, रेघा मारल्या, चार दरवाजे, बत्तीस नावं, साप्ताहिक सुट्ट्या, बदली माणसं असं सगळं मांडलं आणि कागदाचा फोटो सगळ्यांना पाठवला.

त्या दिवशी किल्ला पडला नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरीणबाई कानात म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही आहात म्हणून चाललंय हे." मास्तर आपल्या बैठकीच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसून झाल्यावरही तो बराच वेळ हातात धरून ठेवला.

मग काय विचारता! मास्तरांनी किल्ल्याला शिस्त लावली. रजेचा अर्ज एक दिवस आधी, त्यात दिनांक, दरवाजा आणि कारण असे तीन रकाने. अदलाबदल करायची तर दोघांची लेखी संमती. महिन्यातून एक सभा, सभेचं इतिवृत्त, आणि इतिवृत्त वाचून कायम करण्यासाठी पुढची सभा. ऑडिटरने सुचवलं की लागोपाठ सात दिवस न कळवता गैरहजर राहील त्याचं नाव आठव्या दिवशी कमी करावं. मास्तरांनी ते आनंदाने नियमात घातलं. नाव कमी झालं की त्या माणसाला किल्ल्यात पाऊल टाकता येत नसे आणि कानातलं बोलणंही बंद होई. या नियमाची पहिली शिकार झाल्या दाताच्या डॉक्टरीणबाईच. त्या बाळंत झाल्या होत्या. नवव्या दिवशी त्यांनी बाळाला खांद्यावर घेऊन नव्याने अर्ज केला, तळापासून सुरुवात केली आणि तक्रारीचा एक शब्द काढला नाही.

दिवसभर साहेबाच्या, वेळापत्रकाच्या आणि अर्जांच्या नावाने खडे फोडणारी ही माणसं संध्याकाळी सहा वाजता स्वखुशीने दुसऱ्या हापिसात कामाला लागत आणि वर खूश असत. यात नवल काही नाही. पहिल्या हापिसातलं काम कधी संपत नाही आणि कोणाला दिसत नाही. इथलं काम सातला संपायचं, किल्ला उभा आहे हे डोळ्यांना दिसायचं आणि तो कोणामुळे उभा आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचं. एवढ्यासाठी मोठी माणसं काय वाटेल ते करतात. बाण मारणं त्या मानाने स्वस्तात पडलं.

घरीही तक्रारीला जागा नव्हती. पूर्वी मास्तर डेपोतून आठ-आठ वाजता येत. आता पावणेसहाला दारात हजर. शेजारणी मास्तरांच्या बायकोला म्हणत, तुमचे बाई किती वेळेवर येतात! ती बिचारी हसून साजरं करी. नवरा वेळेवर येतो हे खरं होतं. आल्यावर तो कुठे जातो हे तिने कोणाला सांगितलं नाही.

आता टॉर्चबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. टॉर्च हे खेळातलं नाव घेतलेला माणूस उत्तर दरवाजाचा पहारेकरी होता. उत्तरेला टोळ्या कमी येत, त्यामुळे त्याला बोलायला वेळ असे, आणि मास्तर मधल्या बुरुजावर, म्हणजे त्याच्या सगळ्यात जवळ. चार वर्षं रोज एक तास हे दोघे बोलले होते. टॉर्चच्या मेव्हण्याने जागेचा वाद कसा उकरून काढला, मुलीचं गणित कुठे अडतं, नवीन साहेब बोलताना नाक कसं ओढतो, याची मास्तरांना बित्तंबातमी होती. मास्तरांनीही काचेवरच्या गाढवांबद्दल जगात एकट्या टॉर्चलाच सांगितलं होतं. टॉर्च त्यांना अहोजाहो करी, ते त्याला अरेतुरे करत. मास्तरांना वाटे, वयाचा फरक असेल. सरळच सांगायचं तर मास्तरांना दुसरा मित्र नव्हता.

एका बुधवारी टॉर्च आला नाही.

पहिल्या दिवशी मास्तरांनी मनाशी म्हटलं, वीज गेली असेल. दुसऱ्या दिवशी म्हटलं, फोन बिघडला असेल. तिसऱ्या दिवसापासून त्यांचं डेपोतल्या कागदावरही लक्ष लागेना. एका ड्रायव्हरची ड्यूटी त्यांनी एकाच वेळी दोन गाड्यांवर लावली आणि त्या संध्याकाळी काचेवर एकदम दोन गाढवं निघाली. सहाव्या दिवशी सात वाजता ऑडिटर आपल्या कोरड्या आवाजात म्हणाला, की उत्तर दरवाजाचा उद्या सातवा दिवस, नोंद घ्यावी. मास्तर म्हणाले, घेतली आहे. ऑडिटर पुढे म्हणाला, डॉक्टरीणबाईंना सवलत दिली नव्हती. मास्तर म्हणाले, मला माहीत आहे.

त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. नाव कमी केलं की टॉर्चशी असलेला एकुलता एक धागा तुटणार होता, आणि तो तोडायची कात्री त्यांनीच बनवून घेतली होती. माणूस आजारी असेल, संकटात असेल, उद्या-परवा धापा टाकत परत येईल आणि दरवाजा बंद बघून निघून जाईल. शोधायचं तरी कुठे? नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. मेव्हण्याच्या स्वभावावरून माणसाचा पत्ता लागत नाही.

आणि मग अठ्ठावीस वर्षांत जे ड्रायव्हरच्या सख्ख्या भावाच्या लग्नासाठीही केलं नाही ते मास्तरांनी केलं. बदलीची सोय म्हणून सगळ्यांचे पासवर्ड त्यांच्याकडे जमा असत. सातव्या दिवशी सहाला पाच कमी असताना त्यांनी बायकोचा फोन मागून घेतला, डेपोचं काम आहे म्हणून सांगितलं आणि त्यावर टॉर्चच्या नावाने किल्ल्यात शिरले. एका मांडीवर एक फोन, दुसऱ्या मांडीवर दुसरा. उजव्या अंगठ्याने मधला बुरुज, डाव्याने उत्तर दरवाजा. पाऊण तासात सदरा घामाने भिजला. बायको रोज सहाला आपल्या बहिणीशी बोलायची. फोन नाही म्हणून ती दारात उभी राहून हा तमाशा बघत होती.

"अहो, एक घर बघायला वेळ नाही," ती म्हणाली, "आणि दोन दोन दरवाजे कुठले सांभाळताय?"

मास्तरांनी मान वर केली नाही, कारण उत्तरेला नेमकी टोळी आली होती.

हजेरी तर लागली. पण टॉर्च बोलत का नाही, हे ऑडिटरने त्याच दिवशी विचारलं. मास्तरांना आयुष्यात थापा मारायची सवय नव्हती, आणि सवय नसलेला माणूस मारतो तशी त्यांनी सोपी थाप मारली: घसा बसलाय त्याचा, म्हणूनच सहा दिवस आला नव्हता. झालं! किल्ल्यात मायेचा पूर आला. डॉक्टरीणबाईंनी मिठाच्या गुळण्या सांगितल्या. मुख्याध्यापिकांनी वाफ घ्यायला सांगितली आणि मुलांवर ओरडू नका असंही सांगितलं. मास्तर डाव्या अंगठ्याने टॉर्चच्या वतीने 'आभारी आहे' लिहीत आणि तोंडाने मधल्या बुरुजावरून 'काळजी घे रे' म्हणत. स्वतःच स्वतःची विचारपूस करण्याचं हे काम पाच दिवस चाललं. रविवारी सभा होती. घसा बसलेला असताना, एक शब्द न बोलता दरवाजा राखला म्हणून 'महिन्याचा पहारेकरी' हा मान टॉर्चला द्यावा, असा ठराव आला. आणला ऑडिटरने. एकमताने मंजूर झाला, आणि इतिवृत्त मास्तरांनाच लिहावं लागलं.

सोमवारी सहा वाजून दोन मिनिटांनी मास्तरांच्या डाव्या मांडीवरचा फोन आपोआप किल्ल्याबाहेर फेकला गेला. एका नावाने दोन फोनांवर शिरता येत नसे. कोणीतरी टॉर्चच्या नावाने आत आलं होतं. तेवढ्यात कानात, फक्त दोघांनाच ऐकू येईल अशा लाइनवर, ओळखीचा आवाज आला. घसा ठणठणीत होता.

"मास्तर, मला काढलं का नाही?"

मास्तर आनंदाने भडाभडा सांगत सुटले, की काढणार कसा, मी आहे ना, सातव्या दिवसापासून तुझा दरवाजा मी राखला, दोन फोन घेऊन बसतो, कोणाला पत्ता लागू दिला नाही, वर तुला महिन्याचा पहारेकरी केलाय. आता सांग, बरा आहेस ना? झालं काय होतं?



"काही झालं नव्हतं," टॉर्च म्हणाला. "मी मुद्दाम आलो नाही. वाट बघत होतो, तुम्ही नाव कमी कराल म्हणून."

मास्तरांना आधी कळलंच नाही. मग टॉर्चने हळूहळू सगळं सांगितलं. गेलं वर्षभर त्याचा जीव यात रमत नव्हता. सहा वाजले की मुलगी वही मिटून उठून जायची. बाबांची वेळ झाली, हे तिला घड्याळ न बघता कळायचं. आपण हा खेळ सोडावा असं त्याला रोज वाटायचं आणि रोज सहाला तो दरवाजावर यायचा, कारण कागदावर त्याचं नाव होतं आणि तो आला नसता तर दुसऱ्या कोणावर तरी डबल ड्यूटी पडली असती.

"मग सांगायचंस ना मला," मास्तर म्हणाले.

"कसं सांगणार? अर्जात कारणाचा रकाना आहे. त्यात काय लिहू, कंटाळा आला? असं लिहून कोणी कुठून सुटलंय का आजवर? आणि तुम्हाला वाईट वाटलं असतं. म्हटलं, सात दिवस दडी मारू, नियमच सोडवेल. नियमाला काही वाईट वाटत नाही. काल सहज उघडून बघतो, तर सातव्या दिवसापासून माझी हजेरी लागलेली आणि वर सत्कार. झक मारत यावं लागलं."

उत्तरेकडे टोळी आली. दोघांनीही सवयीने बाण मारून ती परतवली, तेवढ्यापुरतं बोलणं थांबलं. मास्तरांना लाज वाटली, राग आला, रडूही आलं, आणि यातलं आधी कशाला जागा द्यावी हे ठरेना. आपण या माणसाला वाचवलं नव्हतं, पकडून आणलं होतं. आता ते म्हणाले असते, की थांब रे आणखी थोडे दिवस, तर टॉर्च थांबला असता, आणि नेमकं हेच त्यांना सहन होईना.

"नाव कमी करतो," ते म्हणाले. "आत्ताच करतो. पण मग बोलायचं कुठे आपण?"

टॉर्चही थोडा गोंधळला. म्हणाला, लोक फोन करतात की एकमेकांना.

चार वर्षांत दोघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. मास्तरांनी नंबर लिहून घेतला, दोनदा वाचून दाखवला, आणि सहा वाजून चाळीस मिनिटांनी टॉर्चचं नाव कमी केलं. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'सलग गैरहजेरी' असं लिहिलं. मग ऑडिटरला सगळं खरं सांगून टाकलं. ऑडिटरने ठराव मागे घेण्याबद्दल ठराव मांडला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी चार वर्षांत पहिल्यांदा किल्ल्यातून रजा घेतली. पावणेसहाला घरी आले, बायकोचा फोन तिला परत दिला, खुर्ची खिडकीकडे वळवली आणि ठीक सहाला टॉर्चचा नंबर लावला. दिवसभरात त्यांनी बोलायच्या गोष्टी मनात जुळवून ठेवल्या होत्या. नवीन गाढवाला चष्मा काढलाय, हे तर सांगायचंच होतं.

टॉर्चने फोन उचलला. कसे आहात, म्हणाला. मास्तर म्हणाले, मजेत, तू? तोही मजेत होता. मग दोघे थांबले. टोळी येत नव्हती, बाण मारायचे नव्हते, आणि अंगठ्यांना काही काम नसताना बोलायचं कसं, हे दोघांपैकी कोणालाच येत नव्हतं. मास्तरांनी गाढवाचं सांगितलं. टॉर्च हसला, पण एक तास पुरेल असं ते हसणं नव्हतं. मुलीचं गणित कसं चाललंय, असं मास्तरांनी विचारलं. आता तेच घेऊन बसलोय, टॉर्च म्हणाला, आणि तेवढ्यात पलीकडे कोणीतरी मुलगी बोलल्याचा आवाज आला. बाबा, कोण आहे, असं ती विचारत होती.

टॉर्चने फोनवर हात ठेवला असावा, पण नीट ठेवला नव्हता.

"कामावरचे साहेब आहेत गं," तो म्हणाला. "दोन मिनिटं थांब."

मास्तरांच्या तोंडून आपोआप डेपोच्या खिडकीतला आवाज निघाला. "बरं मग, काही असलं तर कळवा," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. सहा वाजून सहा मिनिटं झाली होती.

बायकोने आतून विचारलं, कोणाचा फोन होता.

"कामाचाच," मास्तर म्हणाले. आपण खोटं बोललो असं त्यांना अजिबात वाटलं नाही, आणि वाईट वाटलं ते त्याचंच.